पहिलं यूलटाइड : नावनोंदणीपासून नाव उघड होईपर्यंत

फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचणारे पुष्कळ असतात. लिहिणारे त्याहून कमी, आणि एक्स्चेंजमध्ये, म्हणजे एकमेकांसाठी कथा लिहायच्या देवाणघेवाणीत, उतरणारे तर मोजकेच. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. नियमांचं पान उघडलं की तारखा, फॉर्म आणि न कळणारे शब्द बघूनच माणूस मागे फिरतो. मीही दोन वर्षं अशीच मागे फिरले. तिसऱ्या वर्षी शेवटपर्यंत गेले, आणि आता सगळं ताजं आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते.

आधी हे आहे काय ते. यूलटाइड हे २००३पासून दर वर्षी होणारं फिक एक्स्चेंज. ज्या फॅन्डमवर, म्हणजे ज्या मालिकेवर, पुस्तकावर किंवा सिनेमावर, फारसं कुणी लिहीत नाही, फक्त तीच इथे चालतात. तुम्हाला एक माणूस नेमून दिला जातो. त्याने मागितलेल्या पात्रांवर किमान १००० शब्दांची पूर्ण कथा लिहायची. तुमच्यासाठी तिसरंच कुणी लिहीत असतं. कथा २५ डिसेंबरला उघडतात, लेखकांची नावं १ जानेवारीला. तोवर कोण कुणासाठी लिहितंय हे कुणाला कळू द्यायचं नाही.

ऑगस्ट : खातं

सगळा कारभार आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर, म्हणजे एओ३वर चालतो. २००९पासून लोकांसाठी खुलं असलेलं, ना-नफा संस्थेचं आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारं हे फॅनफिकचं संकेतस्थळ आहे. वाचायला खातं लागत नाही, पण एक्स्चेंजसाठी लागतंच. खातं फुकट मिळतं, फक्त लगेच मिळत नाही. ईमेल देऊन निमंत्रणाच्या रांगेत उभं राहायचं. तुमचा नंबर कितवा आणि अंदाजे तारीख कोणती हे तिथेच दिसतं. मला आठ दिवस लागले. निमंत्रणाची मेल स्पॅममध्ये पडली होती, म्हणून त्यातले दोन दिवस निव्वळ वाया. नावनोंदणीच्या आठवड्यात रांगेत उभं राहून काही उपयोग नाही, हे काम ऑगस्टमध्येच उरकून घ्या.

खातं झाल्यावर हात मोकळा करायला मी ड्रॅबल लिहिले. ड्रॅबल म्हणजे बरोबर १०० शब्दांची कथा, ९९ नाही आणि १०१ नाही. शब्द कापायची सवय तिथे लागते. बिंगो कार्डंही असतात, पाच बाय पाचचे पंचवीस चौकोन आणि प्रत्येकात एक प्रॉम्प्ट, म्हणजे कथेसाठी सुचवलेला विषय. त्यात मला गोडी वाटली नाही; रांग पूर्ण करायच्या नादात कथा मागे पडते. एक सावधगिरी मात्र सांगते. नॅनोरायमो, म्हणजे नोव्हेंबरात कादंबरी लिहायचं आव्हान, चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं, तरी नोव्हेंबरात ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७, या हिशेबाने लिहिणारे अजून आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर त्या वर्षी यूलटाइड सोडा. दोघांनाही नोव्हेंबरच हवा असतो.

सप्टेंबर : नॉमिनेशन

ज्या फॅन्डमची आणि पात्रांची नावं सप्टेंबरात सुचवली जातात, तेवढीच त्या वर्षी मागता येतात. सुचवलेली नावं स्वयंसेवक तपासतात आणि त्यांचा टॅगसेट तयार होतो. टाइप करताना जे नाव आपोआप खाली येतं तेच घ्यायचं, स्वतःचं स्पेलिंग रेटायचं नाही. एकाच पात्राची दोन रूपं टॅगसेटमध्ये गेली की स्वयंसेवकांचं काम वाढतं, आणि चुकीचं रूप निवडणाऱ्याला जोडीदार मिळणं अवघड होतं.

एक गोष्ट मला उशिरा समजली. आपलं आवडतं फॅन्डम दुसरं कुणी सुचवेलच, असं धरून चालू नका. ज्याला-त्याला तसंच वाटतं, आणि शेवटी कुणीच सुचवत नाही.

ऑक्टोबर : फॉर्म

इथे घाई केली तर पुढचे दोन महिने निस्तरावं लागतं. फॉर्मचे दोन भाग असतात. मागण्या, म्हणजे तुम्हाला काय हवं. त्या किमान तीन. आणि ऑफर, म्हणजे तुम्ही काय लिहायला तयार आहात. त्या किमान चार. जुळणी होते ती एकाच फॅन्डमवर. तुमची एक ऑफर आणि समोरच्याची एक मागणी बसली की झालं; बाकीच्या तीन ऑफर तुम्हाला कितीही प्रिय असोत, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून यादीत भर घालण्यापुरती ऑफर असूच नये. प्रत्येक ऑफर हे वचन आहे, आणि चारांतलं कुठलंही एक पाळावं लागणार हे धरूनच ते द्यायचं.

मी नेमकं इथेच चुकले. एका दीपगृहावर घडणारी, एकाच मोसमात आटोपलेली एक जुनी मालिका मला पाठ होती. तिच्यातल्या दोन बहिणींवर लिहायचं माझ्या मनात होतं. पात्रांच्या रकान्यात मी मात्र ‘कुठलंही’वर टिचकी मारली, म्हटलं जुळायची शक्यता वाढेल. ती वाढतेच. पण ‘कुठलंही’चा अर्थ ‘मला आवडणाऱ्यांपैकी कुठलंही’ असा नसतो. टॅगसेटमध्ये त्या फॅन्डमखाली जेवढी नावं आहेत, त्यांपैकी कुठलंही एक किंवा अनेक. आणि मागणाऱ्याने जेवढी पात्रं मागितली, तेवढी सगळी कथेत यावी लागतात. आधी टॅगसेट उघडा, एकेका नावावर बोट ठेवा, आणि ‘याच्यावर हजार शब्द आहेत का माझ्याकडे?’ असं स्वतःला विचारा. एका नावालाही उत्तर नाही असं आलं, तर ‘कुठलंही’ सोडून नावं एकेक करून निवडा.

मागण्यांसोबत एक पत्र जोडता येतं. ते ऐच्छिक आहे, पण लिहाच. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, ‘मला सगळंच आवडतं, तुम्ही लिहाल ते चालेल.’ वाचायला नम्र वाटतं, पण लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ते खोडून प्रत्येक फॅन्डमसाठी तीन-तीन गोष्टी लिहिल्या: या पात्रांत मला काय आवडतं, कुठला प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो, आणि मूळ कथेत न दाखवलेली कुठली फट भरलेली आवडेल. अशा फटीच लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

पत्राचा दुसरा भाग म्हणजे डीएनडब्ल्यू, ‘हे अजिबात नको’ची यादी. दोन्हींत फरक आहे. आवडीनिवडी ऐच्छिक असतात, लेखकाने त्या घेतल्या नाहीत तरी तक्रार करता येत नाही. डीएनडब्ल्यू मात्र बंधनकारक. म्हणून ती यादी छोटी आणि नेमकी हवी. ‘दुःखी शेवट नको’ मोघम झालं. दुःखी कशाला म्हणायचं? ‘मागितलेल्या पात्रांपैकी कुणाचा मृत्यू नको’ स्पष्ट आहे. वीस ओळींची यादी देणाऱ्यांचे लेखक भेदरून जातात. आणि नावनोंदणी बंद झाल्यावर पत्राला हात लावायचा नाही. तुमचा लेखक कदाचित जुनं पत्र वाचून कामाला लागलेला असतो.

ऑक्टोबरअखेर : नेमणूक

मध्ये थांबावं लागतं. जुळणी यंत्र करतं, पण ज्यांचं जुळत नाही त्यांचं माणसं बघतात. मग एके दिवशी मेल येते. माझ्या मेलमध्ये दीपगृहच होतं, पण बहिणी नव्हत्या. मागितले होते दीपगृहाची रखवालदारीण आणि सामान घेऊन येणारा नावाडी. अख्ख्या मोसमात त्या दोघांचे एकत्र प्रसंग तीन. मेल बंद करून मी दोन दिवस ती उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र वाचलं. त्यात एवढंच होतं: या दोघांत न बोललेलं काहीतरी आहे, ते मला हवंय, मृत्यू नको, लग्न लावून देऊ नका. मागणाऱ्याच्या जुन्या कथा आणि त्याने सगळ्यांना दिसतील असे ठेवलेले बुकमार्कही मी चाळले. याला चोरून बघणं म्हणत नाहीत, सगळेच करतात. शांत, कमी घटनांच्या कथा त्याला आवडतात हे तिथे कळलं. काही विचारायचंच असेल तर मागणाऱ्याला थेट लिहायचं नाही. आयोजकांना लिहायचं, तुमचं नाव न सांगता ते विचारून देतात.

नंतर पूर्ण मालिका पुन्हा बघितली, नऊ तास. सोबत वही घेऊन बसले: कुठल्या भागात कोणता ऋतू, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही. छोट्या फॅन्डमच्या वाचकांना मूळ कथा तोंडपाठ असते, हाक चुकली तरी त्यांना खटकतं. या खेपेला त्या तीन प्रसंगांत एक गोष्ट दिसली, जी आधी कधीच दिसली नव्हती. नावाडी होडी स्वतः कधी बांधत नाही. तो दोर फेकतो, ती झेलते आणि गाठ मारते. तिन्ही वेळा. तिसऱ्या प्रसंगात दोघांचं भांडण झालंय, तो तिच्याकडे बघतही नाही, तरी दोर फेकतोच, आणि ती झेलते. वहीत मी फक्त ‘दोर’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

नोव्हेंबर : लिहिणं, आणि सोडून द्यायचा विचार

खरं तर इथून सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण सवयीने मी बहिणींनाच घेऊन बसले. त्या बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून त्या दोघांचं कळतं, अशी रचना. १,८०० शब्द झाल्यावर मागे जाऊन मोजलं. नावाडी पहिल्यांदा येतो १,५००व्या शब्दाच्या आसपास, आणि त्याच्या तोंडी दोन वाक्यं. पात्र नावापुरतं आणलं तर नियम पाळल्यासारखा दिसतो, पण मागणाऱ्याला हवं ते मिळत नाही. २० नोव्हेंबरला तो खर्डा मी बाजूला ठेवला. पुसला नाही. खर्डे कधीच पुसू नका.

त्या रात्री डिफॉल्टचं, म्हणजे माघार घ्यायचं, बटण बघून आले. एओ३वर तुमच्या असाइनमेंटच्या पानावर ते असतं. दाबलं की तुम्ही मोकळे, आणि तुमचा माणूस पिंच हिट म्हणून दुसऱ्या कुणाकडे जातो. पिंच हिट घेणारे स्वयंसेवक यादीवर डोळा ठेवून असतात, जो आधी हात वर करेल त्याला ते मिळतं. त्यांना जितके दिवस मिळतील तितकी चांगली कथा होते. म्हणून वेळेत डिफॉल्ट करणाऱ्यावर कुणी रागावत नाही. राग असतो तो शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसून मग गायब होणाऱ्यांवर. त्यांना पुढच्या वर्षीच्या सहभागासाठी अटी लागू शकतात.

मी स्वतःसाठी एक तारीख ठरवली, १ डिसेंबर. तोवर नव्या खर्ड्याचे ५०० शब्द झाले नाहीत तर बटण दाबायचं. तारीख कागदावर लिहिल्याने फरक पडला, रोज उठून ‘सोडू का?’ हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही. दोरापासून सुरुवात केली. फक्त चार फेऱ्या, चार ऋतू, दर वेळी एक गाठ. १ डिसेंबरला १,१०० शब्द होते.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा : बीटा आणि पोस्ट

बीटा म्हणजे पोस्ट करण्याआधी कथा वाचून देणारा माणूस. शोधताना पहिली खबरदारी ही, की तो तुमचाच मागणारा नसावा. हसू नका, लहान फॅन्डममध्ये हे होतं. ‘कथा बघून दे’ एवढंच सांगितलं तर ‘छान आहे’ एवढंच परत येतं. मी तीन प्रश्न दिले: नावाड्याचं बोलणं मूळ मालिकेसारखं वाटतं का, तिसऱ्या भागात कंटाळा येतो का, मालिका न बघितलेल्याला गाठीचं महत्त्व कळेल का. परत द्यायची तारीखही सांगितली, पाच दिवस. उत्तर आलं की तिसरा भाग निम्मा कापा, आणि शेवटच्या संवादात दोघं जे बोलून दाखवतायत ते मागणाऱ्याला ‘न बोललेलं’च हवं होतं. बरोबरच होतं. संवाद गेला. अंतिम आकडा २,३४०.

आता पोस्टिंग. यात चुका होतात त्या बहुतेक तांत्रिक असतात.

असाइनमेंटच्या पानावरून ‘फुलफिल’ दाबूनच फॉर्म उघडायचा. मग संग्रह (त्या वर्षीच्या यूलटाइडच्या कथा जिथे जमा होतात तो) आणि भेट कुणाला, हे रकाने आपोआप भरलेले येतात. नव्या कथेच्या साध्या फॉर्मवरून गेलात आणि संग्रहाचं नाव विसरलात, तर कथा तुमच्या नावानिशी तिथल्या तिथे जगजाहीर होते. यूलटाइडचा मॅडनेस नावाचा दुसरा संग्रहही असतो, तो जास्तीच्या भेटींसाठी. नेमून दिलेली कथा त्यात गेली तर असाइनमेंट पूर्ण झाल्याचं दिसत नाही.

मजकूर लिहायच्या अॅपमधून थेट रिच टेक्स्टमध्ये चिकटवला की परिच्छेदांमध्ये रिकाम्या ओळी शिरतात आणि तिरप्या अक्षरांच्या आजूबाजूला जास्तीच्या जागा पडतात. प्रिव्ह्यूत एकेक ओळ बघा. शब्दांची मोजणीही थोडी वेगळी येते. १,००५ शब्दांवर थांबलेल्याने एओ३वरचा आकडा तपासलाच पाहिजे.

रेटिंग आणि वॉर्निंगचे रकाने सक्तीचे. वॉर्निंग द्यायचीच नसेल तर ‘लेखकाने वॉर्निंग न देणं निवडलं आहे’ हाही पर्याय असतो. ‘काहीच लागू नाही’ हा निराळा. दोन्हींची गल्लत करू नका, वाचक त्यावर विसंबतात. सारांशाला १,२५० अक्षरांची मर्यादा आहे, पण दोन वाक्यं पुरतात. माझा सारांश होता: ‘वर्षात चार वेळा होडी येते. दोर कुणी झेलायचा हे कधी ठरवावं लागलं नाही.’ बीटाचे आभार नाव घेऊन लगेच मानू नका, त्यावरून लेखक ओळखू येतो. १ जानेवारीनंतर मानता येतात.

आणि ड्राफ्ट म्हणजे पोस्ट नव्हे. ड्राफ्ट साधारण महिन्याभराने आपोआप पुसला जातो, आणि तो जागेवर असला तरी जमा धरत नाहीत. डेडलाइन डिसेंबरच्या मध्यावर असते आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेली असते. ती आपल्या घड्याळात बदलून भिंतीवर लावा. मी तीन दिवस आधी पोस्ट केलं. मग लॉगआउट होऊन बघितलं. बाहेरच्याला तिथे फक्त ‘मिस्टरी वर्क’ दिसायला हवं. कथा उघडेपर्यंत दुरुस्त्या करता येतात, त्यामुळे आधी पोस्ट करण्यात काही तोटा नाही.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी

कथा उघडल्या की आधी आपल्याला मिळालेली वाचायची आणि त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत, कमेंट लिहायची. कुणीतरी तुमच्यासाठी दोन महिने घालवलेत. ‘थँक्यू, मस्त’ एवढ्यावर न थांबता एखादं वाक्य उचलून दाखवा. नुसतं कुडोजचं, म्हणजे ‘आवडलं’ असं कळवायचं, बटण दाबून भागत नाही. ते एका कथेला एकाला एकदाच दाबता येतं, आणि भेट मिळालेल्याने तेवढंच केलं तर लेखकाला ते लागतं.

तुमच्या कथेवर येणाऱ्या कमेंटना या आठवड्यात उत्तर दिलंत तरी नाव दिसत नाही, ‘अनॉनिमस क्रिएटर’ असंच येतं. पण लिहायची ढब लपत नाही. मी १ जानेवारीपर्यंत थांबले. आकड्यांची मात्र आधीच तयारी ठेवा. लहान फॅन्डमला वाचकही थोडेच असतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कथेवर काहीच नव्हतं, आणि मी दर वीस मिनिटांनी पान ताजं करत होते. संध्याकाळी मागणाऱ्याची कमेंट आली, सात ओळींची. त्यातल्या तीन ओळी दोरावर होत्या. आठवड्याअखेर चार कमेंट, नऊ कुडोज.

खर्चाचा हिशेब विचाराल तर पैसे शून्य. उलट कथेखाली पैसे मागणारी लिंक टाकायला एओ३वर बंदीच आहे. तास मात्र लागले: फॉर्म आणि पत्राला पाच, मालिकेला नऊ, टाकून दिलेल्या खर्ड्याला सात, दुसऱ्याला बारा, दुरुस्त्या आणि पोस्टिंगला चार. सगळे मिळून सदतीस.

१ जानेवारीला नावं उघडली. बीटाचं नाव टिपणात घातलं, कमेंटना उत्तरं दिली, आणि न्यू इयर्स रिझोल्यूशन्स बघायला गेले. यूलटाइडच्या जुन्या मागण्यांपैकी कुणाचीही उचलून नव्या वर्षात लिहायची, अशी ती सोय आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दीपगृहावरच्या त्या दोन बहिणी मागितल्या होत्या. डीएनडब्ल्यू तपासलं, अडचण काही नाही. १,८०० शब्दांचा तो खर्डा पुन्हा उघडलाय. या वेळी त्यातून नावाड्याला बाहेर काढतेय.